बारीक टायपातला घोडा

१९७६ साली, पावसाळा सुरू होता होता, मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, शाळांची प्रगतिपुस्तकं अशी बारीकसारीक कामं तिथं होत, पण छापखान्याचं पोट भरायचं ते रेसबुकावर. जुलै ते ऑक्टोबर पुण्याची रेस, नोव्हेंबर ते एप्रिल महालक्ष्मीची. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक फुटपाथवर पोचलंच पाहिजे, मग बाहेर मुंबई तुंबलेली असो.

पहिल्या दिवशी फोरमनने शाईही न वाळलेलं प्रूफ माझ्यापुढं ठेवलं. सहा पॉइंटचा इंग्रजी टाइप, एका पानावर दोन शर्यती कोंबलेल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि काना-मात्रेच्या चुका मला लांबूनही दिसत, पण या कागदावर वाक्यच नव्हतं. घोड्याचं नाव, त्यापुढं एकदोन बारीक अक्षरं, वय, आईबापांची नावं, कंसात एक आकडा, मग वजन, वजनाशेजारी पुन्हा एखादं अक्षर, आणि शेवटी आकड्यांची माळ. त्या माळेत मधेच आडवी रेघ, कुठं तिरकी. मी अर्थ विचारला. फोरमन म्हणाला, "मास्तर, मूळ प्रतीशी जुळतं का एवढं बघा. अर्थ लावणारे लावतात."

पहिले सहा महिने मी तेवढंच केलं. नजर तयार होती, त्यामुळे कामात फारशी खोट निघाली नाही. पण अर्थ न कळता अक्षरं जुळवत गेलो, याची खंत मला अजून आहे. कारण त्या पानावर तेच अक्षर जागा बदललं की वेगळं बोलतं. नावापुढचा बारीक 'बी' म्हणजे रंग: 'बे', तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपूट. तोच 'बी' वजनाशेजारी आला की तो ब्लिंकर्सचा. बारीक 'सी' म्हणजे कोल्ट, चार वर्षांपर्यंतचा नर. मोठा 'सी' म्हणजे घोडा याच मैदानावर आधी जिंकलेला आहे. 'सीएच' हा चेस्टनट, अंग आणि आयाळ दोन्ही तांबडी. 'जी' हा खच्ची केलेला घोडा, त्याला 'आर' चिकटला की तो राखाडी रंग. 'एच' नावापुढं असेल तर पाच वर्षं पुरी केलेला नर, वजनाशेजारी असेल तर कानांवरून घातलेली टोपी. मोठा 'डी' म्हणजे आजच्याच अंतरावर पूर्वी जिंकलेला. 'बीएफ' म्हणजे मागच्या खेपेला सगळ्यांनी ज्याच्यावर भरवसा टाकला आणि जो हरला, तो फेवरिट. खिळा एका घराने सरकला तर घोड्याचा रंग त्याच्या डोळ्यांवरची झापडं होतो. हे सगळं पुस्तकाच्या पहिल्या पानावर इंग्रजीत छापलेलं असायचं. ते पानही मी शंभरदा तपासलं असेल.

चूक घडली ती पुढच्या वर्षी, १९७७ च्या जानेवारीत. कोणत्या घोड्याच्या सामानात काय बदल झाला ते दुपारी फोनवर कळे, आमच्याकडचा एक पोऱ्या ते कागदावर उतरून घेई. इंग्रजीतल्या बी, डी, पी, टी, व्ही या अक्षरांचा उच्चार फोनवर एकसारखाच येतो, खरखर असली तर जास्तच. पलीकडून 'टी' सांगितला गेला, इकडं 'डी' उतरला. कंपोझिटरने तो नावापुढं, 'डी'च्या नेहमीच्या जागी लावला. मी कागदाशी ताडून पाहिलं, जुळलं, सही केली. घोडा खच्ची, तीन वर्षांचा चौथ्यात गेलेला, शर्यत १६०० मीटरची. बाराशेच्या पुढं तो कधी जिंकलेला नव्हता. आमच्या जुन्या वहीत ते लिहिलेलं होतं. वही माझ्या हाताच्या अंतरावर होती आणि मी ती उघडली नाही.

सोमवारी दुपारी लोअर परळच्या एका गिरणीतल्या साचेखात्यातले एक कामगार छापखान्यात आले. पन्नाशीचे, पायजमा-शर्ट, कानामागं पेन्सिल. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही पुढं तेच म्हणू लागलो. पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मास्तर, या घोड्यानं सोळाशे कधी मारलं? माझ्याकडं दोन वर्षांची पुस्तकं हायेत. मला गावत न्हाई." पन्नास रुपये गेले होते त्यांचे. आवाज चढवला नाही, नुसतं बोट तसंच ठेवलं. मी वही काढली, घोडं शोधलं, फोनवाल्याला गाठलं, आणि उलगडा झाला. "मामा, चूक माझी आहे. तिथं टी हवा होता."

"टी म्हंजी काय?"

"टंग स्ट्रॅप."

"म्हंजी?"

मी गप्प झालो. जीभ आणि पट्टा हे दोन शब्द मला येत होते. घोड्याच्या तोंडात नेमकं काय करतात, का करतात, ते मला ठाऊक नव्हतं. मामांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "माझ्या गावचा एक मोतद्दार हाय तबेल्यात. येता का?"

त्याच आठवड्यात आम्ही पहाटे पाचला महालक्ष्मीला गेलो. त्या मैदानावर १८८३ पासून घोडे पळताहेत. पहाटे तिथं लोक फिरायलाही येतात. धुकं, ओल्या गवताचा वास, आणि अंधारातून आधी ऐकू येणारा श्वास. टापा नंतर कळतात. कडेला दोघंतिघं स्टॉपवॉच घेऊन उभे होते. आमच्या पुस्तकात '६००/३८' असं जे छापलं जाई, ते हेच: शेवटचे सहाशे मीटर अडतीस सेकंदांत. त्यापुढं 'सहज' किंवा 'दाबून' अशा अर्थाचा एक शब्द असे, आणि मी तो शोभेचा समजत होतो. तिथं उभं राहिल्यावर दिसलं की त्या शब्दाशिवाय आकड्याला किंमतच नाही. एक घोडा मान ताठ, लगाम खेचलेला, अडतीसात आला; दुसरा तेवढ्याच वेळात आला, पण स्वार त्याला दोन्ही हातांनी रेटत होता आणि फेस छातीपर्यंत आला होता. पुस्तकात आकडा दोघांचा तोच छापला जाणार होता.

मोतद्दार साताऱ्याकडचा, मामांच्याच भावकीतला. तो ज्या घोड्याचा खरारा करत होता, तो आमच्या चुकीचाच घोडा निघाला. मामांनी मुद्दाम तोच तबेला गाठला होता. मी सगळं सांगितलं. त्याने हसून सोडून दिलं नाही, की मला बोलही लावला नाही. "बघा मग," म्हणाला, आणि बोट घोड्याच्या तोंडात बाजूने, दात नसलेल्या खाचेतून घातलं. हाताएवढी लांब, गुलाबी, ओलीकंच जीभ बाहेर आली. दुसऱ्या हाताने त्याने कापडाची पट्टी तिच्यावर एक वेढा देऊन घेतली आणि खालच्या जबड्याखाली बांधली. घोड्याने एकदा मान झटकली, मग उभा राहिला.

"पळताना हे जीभ मागं वढतंय. कडीवरनं जीभ गेली की तोंड हातात राहत न्हाई आन् घशात वारा अडतुया. सोळाशे काय, बाराशेलाच धाप लागती." मग माझ्याकडं न बघता, जिभेवर अंगठा ठेवून म्हणाला, "रंग बघत ऱ्हायचं. निळी पडाय लागली तर घट्ट झालं. शर्यतीच्या अगदी तोंडावर बांधायची, आली की आधी सोडायची. पाणी नंतर."

मी बारीक टायपात वाचलेला 'टी' तो हा होता. एका अक्षरामागं एक प्राणी गुदमरत होता, आणि तो गुदमरू नये म्हणून एक माणूस रोज त्याच्या जिभेचा रंग बघत होता. आणि मी त्याच्या जागी 'डी' छापला होता: हा घोडा एवढं अंतर आरामात कापतो, असं.

त्या दिवसापासून मी पुस्तक उलट्या बाजूने वाचायला लागलो. अक्षर दिसलं की आधी वस्तू बघून यायची. ब्लिंकर्स मला टांग्याच्या घोड्यावरून ठाऊक होते, आपण त्यांना झापडं म्हणतो. पण शर्यतीच्या घोड्याला ती का, हे मोतद्दाराने दाखवलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. शेपटीमागची पट्टी सोडली तर जवळजवळ सगळं भोवताल त्याला एकाच वेळी दिसतं. मागून येणारा घोडा दिसला की एखादा बुजतो, एखादा थबकतो, एखादा चक्क सोबत म्हणून हळू होतो. झापडांनी मागचं आणि बाजूचं बंद होतं, पुढचं राहतं. 'व्ही' म्हणजे तशीच झापडं, पण वाटीला चीर पाडलेली, म्हणजे बाजूचा घोडा थोडा दिसावा. काही घोडे शेजारी कुणी आहे हे कळल्याशिवाय लढतच नाहीत. 'पी' म्हणजे गालांवर मेंढीच्या लोकरीच्या पट्ट्या. ही सगळी अक्षरं घोड्याच्या स्वभावाची टिपणं आहेत. एखाद्या घोड्यापुढं पहिल्यांदाच 'बी' आला, तर त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी महिनाभर विचार करून तो लावलेला असतो.

फोनसाठी आम्ही नवी पद्धत पाडली. अक्षर नुसतं सांगायचं नाही, स्टेशनाच्या नावाने सांगायचं. भायखळ्याचा बी, दादरचा डी, परळचा पी, ठाण्याचा टी, विरारचा व्ही, चर्नी रोडचा सी. पुन्हा तशी चूक झाली नाही. मी वहीही रोज उघडू लागलो.

मामांसाठी म्हणून मी या अक्षरांचा एक मराठी तक्ता लिहिला, कार्बन घालून चार प्रती काढल्या. पंधरा दिवसांत तो इतक्या हातांत गेला की मालकांनी तो शेवटच्या पानावर छापायला घेतला. तो तक्ता लिहिताना मला सगळ्यात आनंद झाला तो जिंकण्या-हरण्याच्या अंतरांचा. इंग्रजीत 'एचडी', 'एनके' अशी त्यांची लघुरूपं. मी लिहिलं: नाकभर, डोकंभर, मानभर, अर्धी लांबी, पाऊण लांबी, लांबी; आणि लांबी म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा, साधारण अडीच मीटर. 'मानभर' हा शब्द मामांना फार आवडला. गिरणीच्या गेटावर लोक तो वापरू लागले, असं त्यांनी एकदा आवर्जून सांगितलं.

आकड्यांची माळ समजावणं मात्र सोपं नव्हतं. ती डावीकडून उजवीकडं वाचायची, शेवटचा आकडा सगळ्यात ताजा. नवव्यापर्यंतचा नंबर आकड्याने, त्यापुढचा सगळा शून्यात. आडव्या रेघेआधीचं मागच्या हंगामातलं, तिरक्या रेघेआधीचं त्याच्याही मागचं. '०६-४३२' असं दिसलं की नवखा माणूस म्हणतो, चढत चाललाय, आज पहिला येणार. तो चढतोय हे खरंच आहे. पण वजन ठरवणाऱ्या हँडिकॅपरलाही ते दिसलेलं असतं, आणि तो त्याचं रेटिंग वाढवतो. आपल्याकडं रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो वजन. तिसऱ्या वर्गात ४० ते ६६ रेटिंगचे घोडे एकत्र पळतात. सव्वीस गुणांचा फरक, म्हणजे तेरा किलोंचा. ६६ वाल्याच्या पाठीवर ६२ किलो असतील, तर ४० वाल्याच्या पाठीवर ४९. चांगल्या घोड्याने चांगलं असण्याची किंमत पाठीवर वाहायची, म्हणजे सगळे एका रेषेत येतील, ही त्यामागची कल्पना. मला ती कल्पना न्याय्य वाटते.

हे वजन येतं कुठून? जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो. कमी पडेल तेवढ्या शिशाच्या पट्ट्या खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत भरतात. हे प्रथम कळलं तेव्हा मी टाइपाच्या केसपाशी उभा होतो आणि हातात अर्ध्याचा खिळा होता. आमचे खिळेही शिशाचेच, त्यात थोडं कथील आणि अँटिमनी. रेसबुकात अर्धा किलो पानापानावर लागतो, त्यामुळे अर्ध्याचे खिळे नेहमी कमी पडत, आणि घाईत ५१½ चा ५१ होऊन जाई. आधी मला ते क्षुल्लक वाटायचं. तबेल्यात ती अर्ध्या किलोची पट्टी तळहातावर घेऊन पाहिल्यावर मी मालकांच्या मागं लागून अर्ध्याच्या खिळ्यांची नवी पुडी आणवली.

वर्षातलं सगळ्यात अवघड काम १ जानेवारीच्या आधीचं. घोडा मार्चात जन्मलेला असो की एप्रिलात, त्याचं वय १ जानेवारीलाच वाढतं. त्यामुळे डिसेंबरात गिनीज शर्यत पळणारी पिढी तीन वर्षांची असते आणि तीच फेब्रुवारीतली डर्बी पळते तेव्हा चार वर्षांची. १९४३ पासून चालत आलेल्या इंडियन डर्बीतले घोडे चार वर्षांचे का, इंग्लंडसारखे तीन वर्षांचे का नाहीत, हे विचारायला लोक येत. उत्तर त्या एका तारखेत होतं. आम्ही प्रत्येक घोड्याची ओळ उभी ठेवलेली असायची, दर वेळी नव्याने जुळवायला लागू नये म्हणून. वर्षअखेरीस त्या शेकडो ओळी एकेक करून उघडायच्या: तीनचा चार, चारचा पाच, आणि पाचात गेलेल्या 'एफ'चा 'एम', 'सी'चा 'एच'. काल फिली होती ती आज मेअर. दोन कंपोझिटर आणि मी, रात्रभर चहावर. पहाटे बोटांची अग्रं काळी आणि हुळहुळलेली. मला ती रात्र आवडायची. वर्षभर ज्यांना नावाने ओळखत आलो, त्या सगळ्यांच्या वाढदिवसाला एकाच रात्री हजर राहिल्यासारखं वाटे.

मी स्वतः कधी पैसे लावले नाहीत. लावणाऱ्यांना मी हलकं समजत नाही. मामांइतकं बारकाईने वाचणारा माणूस मला वाचनालयातही क्वचित भेटला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा मला त्यांची पेन्सिल आठवली. पण लावणाऱ्यांना मी दर वेळी एकच सांगत आलो: पुस्तक घोड्याविषयी खरं सांगतं, उद्याविषयी काही सांगत नाही. विन, प्लेस, टानाला, जॅकपॉट या पैजांच्या खिडक्यांपुढच्या रांगेत पगाराची पाकिटं रिकामी होताना मी पाहिली आहेत, आणि छापलेलं पान त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात होतं. म्हणून त्यावरचं एकही अक्षर खोटं असू नये, एवढंच माझ्या हातात होतं, आणि ते मी जीव लावून केलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मामा फेब्रुवारीत एकदा आले, पुस्तक विकत न घेता काउंटरवरच उभं राहून चाळलं, डर्बीचं पान नीट वाचलं, आणि जागेवर ठेवून गेले. मी प्रत पुढं केली. ते म्हणाले, "नको मास्तर, घरी न्हेली तर हात वळवळतो." उन्हाळ्यात ते गावी गेल्याचं कळलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मोतद्दार छापखान्यात आला. आमचा तो जिभेचा घोडा आता नऊ वर्षांचा होता. त्याला शर्यतीतून काढला होता. घोडा 'जी' असला की त्याला फार्मवर पैदाशीसाठी कुणी मागत नाही. काही घोडे रायडिंग स्कूलमध्ये जातात. काही परळच्या हाफकिन संस्थेत जात. त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं आणि सर्पदंशावरचं औषध करत.  हा कुठं गेला, मी विचारलं. "सायबांनी शाळंला दिला. पोरं शिकतील त्याच्यावर. जीभ बांधायची गरज न्हाई आता, पळायचंच न्हाई." मग थांबून म्हणाला, "मामांना कळवा."

मी पोस्टकार्ड लिहिलं. मग उभ्या ओळींच्या गॅलींपाशी गेलो. घोडा बंद झाला की त्याची ओळ सोडवायची आणि खिळे आपापल्या खणांत परत टाकायचे, हे कंपोझिटरचं काम. त्या दिवशी मी ते स्वतः करायला मागितलं. दोरा सोडला, ओळ हातात घेतली. नाव गेलं, आईबाप गेले, नऊचा आकडा गेला, 'जी' गेला. पाच वर्षं न हलवल्यामुळे वजनाच्या जागेशेजारचा बारीक 'टी' बाजूच्या पट्टीला शाईने चिकटून बसला होता. घासलेटात बोळा भिजवून तो सुटा केला, पुसला, आणि त्याच्या खणात टाकला.